हात धरण्यापूर्वी

चोपड्याच्या बसस्थानकावर सकाळी जळगावची गाडी लागली की कशी झुंबड उडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. काही महिन्यांपूर्वी त्या गर्दीच्या कडेला एक अंध तरुणी पांढरी काठी घेऊन उभी होती. एका मध्यमवयीन गृहस्थांनी काही न विचारता तिचे मनगट धरले आणि "चल, बसवून देतो" म्हणत तिला ओढतच एका गाडीकडे नेले. ती गाडी शिरपूरची होती. मुलीने आधी हळू आवाजात, मग मोठ्याने सांगितले, "काका, हात सोडा." काकांनी तो सोडला नाही. तेव्हा तिने कोपर वाकवून मनगट असे काही फिरविले की हात सुटला आणि काका दोन पावले मागे सरले. गृहस्थ दुखावले. जमलेली मंडळी उलट मुलीवरच उखडली. मदत करण्याचे दिवस राहिले नाहीत, दोन बुके शिकली की अशीच उद्धट होतात, असे शेरे पडले. मीही त्या घोळक्यात होतो आणि खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मलाही तिचे वागणे रुचले नव्हते.

पुढे जळगावच्या गाडीत योगायोगाने शेजारचीच जागा मिळाली. ती जळगावला शिकते, दर आठवड्याला एकटी ये-जा करते. मी विषय काढला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तो माणूस सज्जन होता, हे तुम्हाला दिसत होतं. मला नुसता हात कळतो."

या एका वाक्याने माझा बराच गैरसमज दूर केला. डोळसाला समोरच्याचा चेहरा, वय, पेहराव, त्याची नजर हे सारे हात पुढे येण्याच्या आधीच दिसते. सावध व्हायचे की निश्चिंत राहायचे, हे ठरवायला त्याला अवधी मिळतो. अंध व्यक्तीला तो अवधी नसतो. तिच्यासाठी उपकार करणारा आणि लुबाडणारा, रस्ता ओलांडून देणारा आणि विनयभंग करणारा, या सर्वांची सुरुवात एकाच प्रकारे होते: अचानक कुणीतरी हात धरतो. दुर्जन ही गोष्ट पुरेपूर जाणतो. तो मारेकऱ्याच्या आविर्भावात येतच नाही, मदतनिसाच्या वेषात येतो. म्हणून हात सोडवून घेण्याची विद्या आणि "सोडा" म्हणण्याचा अधिकार ही अंध व्यक्तीच्या आत्मसंरक्षणाची पहिली पायरी आहे. समाज मात्र नेमका तेथेच रागावतो.

डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या उपनगरी गाडीत घडलेली घटना तेव्हा वृत्तपत्रांतून गाजली होती. अपंगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून प्रवास करणाऱ्या पंधरा वर्षांच्या एका दृष्टिबाधित मुलीच्या अंगाला एका प्रवाशाने हात लावला. तिने तोच हात पकडला आणि त्याची बोटे पिरगाळून धरली. शेवटी त्या इसमाला पोलिसांच्या हवाली करण्यात आले. मुलीने कराटेचे शिक्षण घेतले होते. ज्या डब्यात ती सुरक्षित असेल असे आपण गृहीत धरतो, त्याच डब्यात हे घडले, याचाही विचार व्हावा. राखीव जागा सोय देते. संरक्षण देतेच असे नाही.

त्या मुलीला जे साधले तो चमत्कार नव्हता. अंगाला अंग भिडले, पकड बसली की दृष्टीचे महत्त्व एकदम कमी होते. प्रतिपक्षाचा तोल कुठे आहे, जोर कोणत्या बाजूने येतो आहे, हे तेव्हा हाताला कळते. जुदो या जपानी विद्येत हे तत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ती सुरू केली आणि १९८८ च्या सेऊल पॅरालिम्पिकपासून अंधांची जुदो स्पर्धा होते. तिच्या नियमांत एकच महत्त्वाचा फरक आहे: दोन्ही खेळाडूंनी परस्परांची पकड घेतल्यानंतरच लढत सुरू होते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी याच खेळात कांस्यपदक मिळविले आणि भारताला जुदोतले पहिले पॅरालिम्पिक पदक लाभले. ते मध्य प्रदेशातील सिहोरचे. सातपुड्यापलीकडच्या त्या प्रांतात अंध मुलींना आत्मसंरक्षणासाठी जुदो शिकविण्याचे प्रयत्न त्यापूर्वी कित्येक वर्षे झाले आहेत. सातपुड्याच्या अलीकडे, आपल्या खानदेशात, ते का होऊ नयेत?

आपल्याकडे अंधांच्या सुरक्षेचा विचार निघाला की तो फार लवकर संपतो. एकटे जाऊ नये, कुणाला तरी सोबत न्यावे, अंधार पडण्याच्या आत घरी यावे. यात माया आहे, नाही असे नाही. पण आयुष्यभर कुणीतरी हात धरून नेलेल्या मुलीला परक्या हाताला नकार देण्याची सवय कुठून लागावी? ज्याने त्याने धरावे आणि तिने जावे, हेच तिला लहानपणापासून शिकविलेले असते. घरच्यांची काळजीच तिला निःशस्त्र करते, असे म्हटले तर अनेकांना राग येईल, पण वस्तुस्थिती तशीच आहे. पुढे देशातील पहिल्या दृष्टिहीन महिला आयएएस अधिकारी ठरलेल्या प्रांजल पाटील उल्हासनगरहून मुंबईच्या महाविद्यालयात लोकलने जात असत. त्यांना घरात जपून ठेवले असते, तर त्या सुरक्षित राहिल्या असत्या आणि कुठेच पोहोचल्या नसत्या. जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी दिव्यांग मुलेही घराचा उंबरठा ओलांडूनच तेथे आली आहेत.

आमच्या समाजाला प्रज्ञाचक्षू हा शब्द फार आवडतो. विदर्भातील संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावूनही अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना करून गेले, याचा अभिमान आपण योग्यच बाळगतो. डोळे काढल्यानंतरही पृथ्वीराज चौहानाने आवाजाच्या रोखाने बाण सोडला, ही कथाही आपण रंगवून सांगतो. इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही, हा भाग वेगळा. परंतु शब्दवेधाची कथा सांगणाऱ्या किती जणांनी गावातल्या अंध मुलाला कानावर विसंबून रस्ता ओलांडायला शिकविले आहे? चोपडा हे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचे गाव. केळी भरलेले ट्रक, ॲपे रिक्षा, कापसाच्या गाड्या यांच्या आवाजावरून अंतर ओळखता येते. आता बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा निघाल्या, त्यांचा आवाजच नाही. पदपथ असतो तेथे हातगाड्या असतात, आणि उघडी गटार कुठे सुरू होते हे काठीच सांगते.

काठीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंधाच्या हातात काठी असते, त्याने ती वेळप्रसंगी हाणावी, असे पुष्कळ जण सहज सुचवितात. शाखेवर ज्यांनी दंड फिरविला आहे त्यांना तर हे सहजच सुचते. पण ही काठी म्हणजे दंड नव्हे. रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकी सैनिकांसाठी हलकी, लांब काठी आणि ती जमिनीवर डावी-उजवीकडे टेकवीत चालण्याची पद्धत विकसित केली. आजची घडीची ॲल्युमिनियमची काठी त्याच परंपरेतली. तिने घाव घातला तर ती वाकेल किंवा समोरचा ती हिसकावून घेईल, आणि मग त्या व्यक्तीचा मार्गच नाहीसा होईल. काठी राखणे हाच संरक्षणाचा भाग आहे.

मग शिकवायचे काय? माझ्या सहप्रवासिनीने मला माझ्याच मनगटावर दाखविले. मनगट धरणाऱ्याची चार बोटे एका बाजूला येतात, अंगठा दुसऱ्या बाजूला. पकडीची फट तेथेच असते. मागे हिसका न देता कोपर आपल्या अंगाशी घेऊन त्या फटीतून मनगट फिरवायचे. त्यानंतर पाठीशी भिंत किंवा खांब घ्यायचा, म्हणजे एक दिशा तरी निर्धोक होते. मग आवाज. अंध व्यक्ती धरणाऱ्याचे वर्णन करू शकत नाही, म्हणून तिने नुसते ओरडण्यापेक्षा लोकांना कामाला लावावे: "माझा हात कुणी धरला आहे? कुणीतरी या माणसाकडे बघा!" एवढे उच्चारले की बघ्यांचे साक्षीदार होतात. मला हे फार मोलाचे वाटले.

मात्र हे एका दिवसाच्या शिबिरात येत नाही. हारतुरे, छायाचित्र, प्रमाणपत्र आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले, अशी शिबिरे न घेतलेली बरी. नियुद्ध शिकविणारे शिक्षक आणि सेविका आपल्याकडे आहेत. १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन झाली तेव्हापासून मुलींच्या संरक्षणक्षमतेचा विचार आपण करीत आलो आहोत. दिव्यांगांसाठी ‘सक्षम’ ही संघटना २००८ पासून काम करते. अडचण शिकविण्याच्या रीतीची आहे. आपली सारी शिकवण "पाहा आणि करा" या पद्धतीची. अंध विद्यार्थ्याला शिक्षकाचे अंग चाचपू द्यावे लागते, प्रत्येक हालचाल शब्दांत सांगावी लागते, आणि तेही त्याची अनुमती घेऊन. आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर, अशी तयारी असलेला एक शिक्षक तालुक्याला मिळाला तरी बरेच साधेल.

प्रतिकारानंतरचा प्रश्न पोलीस ठाण्यातला. "दिसत नाही, तर ओळखणार कसे?" असे विचारले जाते आणि तक्रार तेथेच विरते. याला सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी पाटण जमाल वली खटल्याच्या निकालात उत्तर दिले आहे. अत्याचाराला बळी पडलेली तरुणी जन्मांध होती. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. दिव्यांग व्यक्ती जगाशी निराळ्या रीतीने संपर्क ठेवते, एवढ्याने तिची साक्ष दुय्यम ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये सर्वांना आहे. दिव्यांग स्त्रीचा विनयभंग हा दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा अपराध आहे. लैंगिक गुन्ह्यांत दिव्यांग पीडितेची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी नोंदवून घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. यातले किती आपल्या वकील मंडळींनी अंधांच्या मेळाव्यात जाऊन सांगितले आहे?

ज्यांना मनापासून मदत करायची आहे, त्यांच्यासाठी रीत अगदी सोपी आहे. आधी बोलावे, आपले नाव सांगावे, मदत हवी का ते विचारावे. हवी म्हटले तर आपले कोपर पुढे करावे. ती व्यक्ती कोपराच्या वर धरील आणि अर्धे पाऊल मागून चालेल. धरण्याचे आणि सोडण्याचे स्वातंत्र्य तिच्याकडे राहते. नको म्हटले, तर बाजूला व्हावे.

जळगावला उतरताना मी त्या मुलीला विचारले, "कोपर देऊ का?" ती हसून म्हणाली, "नको काका, इथला रस्ता मला पाठ आहे." मी तिच्या मागे काही पावले चाललो. फाटकापाशी एका रिक्षावाल्याने तिची काठीच धरली. तिने थांबून त्याला काहीतरी सांगितले. त्याने काठी सोडली.