पाचगणीत शिकलेला गायक आणि तपासणीची भीती

२४ नोव्हेंबर आणि १ डिसेंबर या दोन तारखांत जेमतेम आठवड्याचे अंतर आहे. पहिली तारीख ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या निधनाची, तर दुसरी जागतिक एड्स दिनाची. मर्क्युरी यांचे महाराष्ट्राशी जवळचे नाते होते आणि त्यांचा मृत्यू एड्सने झाला. शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांत आजही लोक ज्या भीतीपोटी एचआयव्हीची तपासणी टाळतात, ती भीती समजून घ्यायला त्यांचे आयुष्य उपयोगी पडते.

मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. आठव्या वर्षी मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवण्यात आले. तिथे तो पियानो शिकला, मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि मित्रांच्या तोंडी ‘फ्रेडी’ झाला. १९६४ मध्ये झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये ‘क्वीन’ उभा राहिला, १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने तो जगभर पोचला. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात मर्क्युरी यांनी वीसेक मिनिटांत अवघे मैदान डोलायला लावले.

पुढे दोनच वर्षांत त्यांना एचआयव्हीचे निदान झाले. त्याच वर्षी, म्हणजे १९८७ मध्ये, या विषाणूवरचे झिडोव्ह्युडिन हे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले होते. पण एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई. मर्क्युरी गात राहिले, ध्वनिमुद्रण करत राहिले. वृत्तपत्रे त्यांच्या खंगलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे छापत होती. अखेर २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४५. तीन किंवा अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत १९९६ मध्ये आली. ती पाच वर्षे आधी आली असती, तर ते कदाचित वाचले असते.

त्या काळी आजार लपवण्यामागे कारण होते. निदान झाले तरी देण्यासारखे फारसे काही नव्हते, पदरी पडे ती फक्त बदनामी. आज परिस्थिती पूर्ण पालटली आहे. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे मोफत मिळतात. २०१७ पासून निदान होताच, प्रतिकारशक्ती किती उरली आहे याची वाट न पाहता उपचार सुरू होतात. बहुतेक रुग्णांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेतली आणि रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाहीत इतके कमी झाले, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेत उपचार झाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

तरीही रुग्ण उशिरा येतात. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, मुरबाडमधून कल्याण-माळशेजचा रस्ता. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. महिनोन्‌महिने ताप, जुलाब, घटणारे वजन, तोंडातला पांढरा थर, अंगावर उठलेली नागीण अशी लक्षणे दिसली, तर आधी भगत, मग खासगी इंजेक्शन, आणि शेवटी सरकारी दवाखाना, असा प्रवास होतो. तोवर क्षयाने फुफ्फुस पोखरलेले असते. गावात कुणाला कळेल, या धास्तीने तपासणी लांबते. हा आजार ना एका जातीजमातीचा, ना एका धंद्याचा. घराबाहेर न पडलेल्या गृहिणीलाही तो नवऱ्याकडून होतो.

या धास्तीवर कायद्याने उत्तर दिले आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, अहवाल इतरांना सांगता येत नाही. नोकरी, शिक्षण किंवा उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो आणि त्याविरुद्ध राज्याच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पण केसपेपरवर ठळक खूण करणारा, वॉर्डात मोठ्याने निदान उच्चारणारा एक कर्मचारी हा कायदा क्षणात निकामी करतो. म्हणून गुप्तता पाळणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

दुसरी अडचण अंतराची आहे. गोळ्या फुकट असल्या, तरी एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी फुकट नसते. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. त्या जवळच्या रुग्णालयात मिळाव्यात, भट्टीवर जाण्याआधी हाती पडाव्यात. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची आणि प्रत्येक गरोदर स्त्रीची एचआयव्ही तपासणी व्हायलाच हवी. स्थलांतरामुळे ती चुकू नये, याची काळजी आरोग्य यंत्रणेने आणि भट्टीमालकांनीही घ्यावी.

तपासणी सरकारी रुग्णालयातील समुपदेशन केंद्रात मोफत होते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक विनाशुल्क आहे. मर्क्युरी यांच्यापाशी पैसा होता, लंडनचे निष्णात डॉक्टर होते. नव्हते ते औषध. आज ते औषध तालुक्यापर्यंत पोचले आहे. लोकांच्या नजरेच्या भीतीने ते नाकारून कुणी पंचेचाळिशीत जावे, याला आता काहीही कारण उरलेले नाही.