माईकची वायर घरी बनवताना

निकाहच्या मंडपात काझीसाहेबांनी खुत्बा सुरू केला की स्पीकर खरखरू लागतो, हा अनुभव आपल्या वसई, नालासोपारा, विरारच्या बहुतेक घरांना आहे. कोणी माईकवर टिचकी मारतो, कोणी माईकवाल्याकडे डोळे वटारतो. शब्द कळेनात म्हणून मग आवाज वाढवला जातो आणि खरखरही तेवढीच वाढते. पुष्कळदा माईक ठीक असतो, अॅम्प्लिफायरही ठीक असतो. दोष मधल्या वायरीत असतो, आणि तोही टोकाच्या दोन इंचांत. ही वायर नववी-दहावीची मुले-मुली एका सुट्टीच्या दिवशी बनवू शकतात. तयार स्वस्त वायरीपेक्षा ती जास्त टिकतेही.

सामान आणायला लॅमिंग्टन रोडला जावे. ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरले की चालत जाता येते. दुकानात 'माईकची टू-कोअर शिल्डेड केबल' असे स्पष्ट मागावे. तिच्यात दोन बारीक तारा आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाळी असते. दोन्ही तारांतून एकच आवाज जातो, पण एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. बाहेरची गुणगुण मात्र दोन्हींत सारखीच शिरते. पुढे अॅम्प्लिफायर त्या दोन तारांतला फरक तेवढा घेतो, म्हणून आवाज उरतो आणि गुणगुण आपोआप वजा होते. घरच्या पंख्याच्या वायरीत यातले काहीच नसते. ती माईकला जोडणे म्हणजे गुणगुण दावत देऊन बोलावणे.

केबल घेताना दुकानदाराकडून एक तुकडा कापून घ्या. जाळी दाट आहे ना, ते पाहा. नुसत्या चांदीच्या कागदासारख्या पन्नीचे वेष्टन असलेली केबल भिंतीत कायमची बसवायला चांगली, पण रोज गुंडाळायची असेल तर पन्नी तडकते. मग एक तार ब्लेडने खरवडून बघा. वर पांढरी आणि आत तांबडी निघाली तर ते कल्हई केलेले तांबे, बिनधास्त घ्या. वर तांबडी आणि आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम. ते स्वस्त असते, पण डाख नीट धरत नाही आणि चार वेळा वाकवले की तुटते. दुकानदार 'सब एकही है' म्हणेल. म्हणू द्या.

टोकाला लागणाऱ्या तीन काट्यांच्या पिनेला आपले माईकवाले 'कॅनन' म्हणतात. कॅमेऱ्याच्या कंपनीशी तिचा संबंध नाही. लॉस एंजेलिसच्या जेम्स कॅनन यांच्या कंपनीने ती काढली, तिचे खरे नाव एक्सएलआर. लिकटेन्स्टाईनच्या न्यूट्रिक कंपनीच्या पिना उत्तम, मात्र त्यांच्या नकलाही पुष्कळ निघाल्या आहेत. कोणत्याही कंपनीची घ्या, पण केबलला घट्ट पकडणारा आतला चिमटा तपासूनच घ्या. कोणी वायरीला अडखळले की झटका त्या चिमट्याने सोसायचा असतो, डाखाने नव्हे. माईककडे भोकांची पिन आणि अॅम्प्लिफायरकडे काट्यांची. आवाज नेहमी काट्यांतून बाहेर पडतो, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

हत्यारे थोडीच लागतात: २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न, वायर सोलायचा कटर, मल्टिमीटर आणि आत राळ असलेली डाखाची तार. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली तार १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, नवशिक्यांना तीच सोपी. पत्र्याच्या कामाचे अॅसिड इथे चालत नाही, ते तार खाऊन टाकते. तारेत शिसे असल्यामुळे खिडकी उघडी ठेवा, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नका.

पिनेचे टोपण आधी केबलमध्ये ओवा. मुले हेच हमखास विसरतात आणि लावलेला डाख पुन्हा उपटतात. जाळी १ नंबरला, एक तार २ ला, दुसरी ३ ला. दोन्ही टोकांना रंग तेच ठेवा. एका वायरीत २ आणि ३ ची अदलाबदल झाली तर शेजारी ठेवलेले दोन माईक एकमेकांचा आवाज खातात. अॅम्प्लिफायरला मोठे गोल भोक असेल तर त्या टोकाला पी-३८ पिन लावा: २ ची तार टोकाला, जाळी आणि ३ ची तार एकत्र करून बुडाला. अशी वायर मात्र लांब करू नये, ती गुणगुण पकडते. शेवटी मल्टिमीटरने १ ते १, २ ते २, ३ ते ३ अशी बीप ऐका, आणि ऐकताना दोन्ही टोके हलवत राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. एवढे करूनही गुणगुण राहिली तर काही जण अॅम्प्लिफायरच्या थ्री-पिन प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंग, काढून टाकतात. गुणगुण जाते खरी. पण अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर वीज जाळीवाटे थेट माईकच्या धातूच्या अंगात येते, आणि माईक हातात असतो वुजू करून आलेल्या माणसाच्या, किंवा पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या मुलीच्या. असा प्लग मस्जिदीत, शाळेत किंवा मंडपात कुठेही दिसला तर कार्यक्रम थांबवून बदलायला लावा, संकोच करू नका. गुणगुण घालवायला दुसरे उपाय आहेत. माईकची वायर विजेच्या वायरीशेजारून नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवा.

खाडीकाठच्या आपल्या दमट, खारट हवेत पिनांवर लवकर गंज चढतो. पावसाळ्यात वायरी कोरड्या डब्यात ठेवा आणि कोपरावर पिळून गुंडाळू नका, सैल वेटोळे करा.