‘बुलिंग’ म्हणजे मस्करी नव्हे

सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘बुली’ हा लाडाचा शब्द होता, अर्थ ‘प्रिय’. पुढे तो बढाईखोराला आणि मग दुबळ्याला छळणाऱ्याला चिकटला. ‘बुली फॉर यू’मध्ये शाबासकी उरली, तीही हल्ली बहुधा खोचकच! नॉर्वेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांचा अभ्यास करून शब्दाला नेमकेपणा दिला : मुद्दाम, वारंवार आणि बळ असमान असताना दिलेला त्रास. बरोबरीच्या दोघांची मारामारी यात बसत नाही. आपण मात्र साऱ्यालाच ‘मस्करी’ म्हणतो आणि मूल गप्प बसते. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते, रविवारी दुखत नाही, तपासणीत काही सापडत नाही. अशा मुलासाठी आणखी एक टॉनिक मागण्याआधी वर्गात कोण काय बोलते, हे पालकांनी शांतपणे विचारावे. उत्तर पहिल्याच दिवशी मिळेल असे नाही.