मित्रासाठी मंदिर जाळावे काय?

रोमन राजकारणी सिसेरो याचे ‘मैत्रीविषयी’ हे पुस्तक भाबडे आहे, असे म्हणणारे अभ्यासू लोक पुष्कळ आहेत. रोममध्ये मैत्री म्हणजे मतांची, कर्जांची आणि पदांची देवाणघेवाण; इ.स.पू. ६० मध्ये सीझर, पॉम्पी आणि क्रॅसस यांनी केलेली युती हीच तिथली खरी मैत्री. खुद्द सिसेरोही सीझरचा ८ लाख सेस्टर्सचा ऋणको होता, असे ते दाखवून देतात. माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. व्यवहार असा होता, म्हणूनच त्याला मर्यादा घालणारे पुस्तक लिहावे लागले. इ.स.पू. ४४ मध्ये, सीझरच्या हत्येनंतर, ते लिहिले गेले. त्यातला नियम साधा आहे: मित्राकडे लाजिरवाणे काही मागू नये आणि त्याने मागितले तर करू नये.

या नियमाची कसोटी ब्लॉसियसच्या प्रसंगात लागते. जमीनसुधारणा करणारा टायबेरियस ग्रॅकस मारला गेल्यावर त्याच्या साथीदारांची चौकशी सुरू झाली. तेव्हा त्याचा मित्र ब्लॉसियस हा लेलियसकडे, म्हणजे सिसेरोच्या पुस्तकात मैत्रीविषयी बोलणाऱ्या माणसाकडे, क्षमा मागायला आला. ग्रॅकस सांगेल ते करणे मला भागच होते, ही त्याची सबब. त्याने कॅपिटॉलवरचे मंदिर जाळायला सांगितले असते तर, असे लेलियसने विचारले. त्याने तसे सांगितलेच नसते, पण सांगितले असते तर जाळले असते, असे ब्लॉसियस म्हणाला.

लेलियस हे उत्तर निंद्य ठरवतो. यावर आक्षेप असा की लेलियस धनिकांच्या बाजूचा होता. होताच. भूमिहीनांना सरकारी जमीन देणारा ग्रॅकसचा कायदा न्याय्य होता आणि त्याला बाकांचे पाय मोडून ठेचून मारणारे सिनेटर खुनी होते, याविषयी माझ्या मनात संशय नाही. पण म्हणून ब्लॉसियसचे उत्तर निर्दोष ठरत नाही. प्लुटार्कने ते थोडे वेगळे दिले आहे: लोकांचे हित असल्याखेरीज ग्रॅकसने तशी आज्ञा दिलीच नसती. मला हे रूप अधिक भयंकर वाटते. लोकांचे हित कशात आहे, हे पाहण्याचे कामच या माणसाने नेत्यावर सोपवून टाकले आहे.

आक्षेप घेणारे दुसरा दाखला सीझरचा मित्र माटियस याचा देतात. मेलेल्या सीझरसाठी मी शोक का करू नये, असे त्याने सिसेरोला पत्रातून ठणकावले. पत्र उमदे आहे. पण त्याच पत्रात तो सांगतो की यादवी युद्ध त्याला कधीच पटले नव्हते, ते टाळण्यासाठी तो झटला होता. न पटलेल्या युद्धात तो सीझरबरोबर राहिला, एवढा दोष त्याच्याकडे जातो. पण स्वतःची विवेकबुद्धी त्याने सीझरच्या हवाली केली नव्हती. सिसेरोचा नियम शोकाला कुठेच मनाई करत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: या शहाणपणाने सिसेरोला तरी कुठे वाचवले? सीझरचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन याने कोणताही अधिकार नसताना खासगी सैन्य उभारले, तेव्हा सीझरचा साथी अँटनी याला पाडण्याच्या ईर्ष्येपोटी सिसेरोनेच सिनेटमध्ये त्याची स्तुती केली आणि त्याला अधिकार मिळवून दिला. लाजिरवाण्या गोष्टीला साथ देऊन आपला नियम त्याने तिथे मोडला. इ.स.पू. ४३ च्या नोव्हेंबरात अँटनी, सेनापती लेपिडस आणि ऑक्टेव्हियन हातमिळवणी करून मारायच्या माणसांची यादी करायला बसले. अँटनीने मामा दिला, लेपिडसने भाऊ दिला आणि ऑक्टेव्हियनने सिसेरो दिला. ७ डिसेंबरला सिसेरोचा शिरच्छेद झाला.