नृत्याची पदवी आणि उपजीविकेचा प्रश्न

दहावीचा निकाल लागला की कथक आणि भरतनाट्यमच्या वर्गांतील गर्दी ओसरू लागते. नागपुरात काय किंवा अमरावती-अकोल्यात काय, हा क्रम आता इतका नेमाचा झाला आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पहिली-दुसरीत पायांत घुंगरू बांधणाऱ्या मुली चार-पाच परीक्षांपर्यंत निष्ठेने येतात. शास्त्रीय नृत्य, गायन वा लोककला यांतील प्रावीण्याबद्दल राज्य मंडळ दहावीला वाढीव गुण देते. ते पदरात पडतात आणि त्यानंतर संध्याकाळचे दोन तास शिकवणी वर्गाच्या मालकीचे होतात. मोजक्या मुली विशारद होईपर्यंत टिकतात. त्यांतील एखादीने नृत्य हाच विषय घेऊन विद्यापीठाची पदवी मिळवायचे ठरवले की घरात एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय?

असा प्रश्न विचारणाऱ्या पालकाला अरसिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तथापि महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या कारकुनाने वा शिक्षकाने मुलीच्या तीन-चार वर्षांचा हिशोब मांडला, तर त्यात गैर काही नाही. खरे उत्तर द्यायचे आहे ते विद्यापीठांनी आणि शासनाने. कारण नृत्याला पदवीचा दर्जा त्यांनी दिला. तो देताना या पदवीचे समाजात काम काय, हे मात्र त्यांनी कधी नीट ठरवले नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. विशारद आणि विद्यापीठाची पदवी ही एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते कला घराण्यांच्या उंबरठ्याबाहेर आणून सामान्य गृहस्थाच्या घरात नेण्यासाठी. त्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्यांच्या आहेत, त्यापुढे अलंकार. शाळा-कॉलेज सांभाळून, फावल्या वेळात कला शिकता यावी अशीच त्यांची रचना आहे आणि ते काम त्यांनी उत्तम केले आहे. पदवीकडून अपेक्षा निराळी असते. रोजचा दीर्घ रियाज, तालशास्त्र, नाट्यशास्त्र व अभिनयदर्पण यांसारख्या ग्रंथांचा अभ्यास, नृत्याचा इतिहास, शरीररचनेची जाण, इतरांना शिकवण्याची पद्धती आणि स्वतःची रचना बांधण्याचे सामर्थ्य, एवढा पल्ला तिला गाठायचा असतो. फावल्या वेळात हे होत नाही.

अशा पूर्ण वेळच्या शिक्षणाची कल्पना नागपूरला परकी नाही. खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी स्थापन झाले. राजे बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी त्यासाठी आपला राजवाडा दिला आणि आपल्या दिवंगत कन्येचे नाव विद्यापीठाला दिले. त्याचा कायदा तत्कालीन मध्यप्रदेशच्या विधिमंडळाने केला आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तो हाच दिवस. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना अमलात आली. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, खैरागड नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि २००० सालापासून ते छत्तीसगडात आहे. नागपूर राजधानी असताना जन्माला आलेले विद्यापीठ अशा रीतीने नागपूरच्याच विद्यार्थ्याला परराज्यातले झाले. आजही येथील मुली हावडा मार्गावर डोंगरगड वा राजनांदगावला उतरून पुढे रस्त्याने तेथे शिकायला जातात.

अन्यत्र जे प्रयत्न झाले, त्यांत प्रत्येकाचा भर वेगळा होता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. पण तेथील संगीतशाळा १८८६ पासूनची. संस्थानिकाने पेरलेल्या त्या रोपट्यावर विद्यापीठाने नृत्याचे कलम केले. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी १९७२ साली नालंदा नृत्यकला महाविद्यालय सुरू केले व ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले. मूळच्या कायद्याच्या पदवीधर असलेल्या रेळे यांनी केरळात जाऊन मोहिनीअट्टमच्या वृद्ध कलावतींचे नृत्य चित्रफितीवर टिपले, त्याचा शास्त्रीय अभ्यास केला आणि १९७७ साली डॉक्टरेट मिळवली. पुणे विद्यापीठाने १९८७ साली ललित कला केंद्र काढताना त्याला ‘गुरुकुल’ हे नाव जोडले. गुरू-शिष्य परंपरा आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम यांची सांगड घालण्याचा हेतू त्यात स्पष्ट होता. रोहिणी भाटे यांच्यासारख्या विदुषीने पुण्यात १९४७ पासून नृत्यभारतीतून कथकची जी पायाभरणी केली होती, तिच्यामुळे हा प्रयोग हवेत राहिला नाही.

या उदाहरणांवरून विद्यापीठात नृत्य असल्याने काय साधते, हे दिसून येते. मोठा नर्तक गुरूच्या घरीही घडू शकतो. किंबहुना आजवर बहुतेक तसेच घडले. परंतु जी कला काही मोजक्या वृद्धांच्या शरीरातच उरली आहे ती टिपून ठेवणे, तिचे शास्त्र मांडणे आणि ती दुसऱ्या पिढीला शिकवता येईल अशी करणे, ही कामे एकट्यादुकट्याच्या बळावर क्वचितच निभतात. तंजावरच्या भोसले राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या, मराठी नृत्यरचना सुचेता भिडे-चापेकर यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या. भरतनाट्यमला आजचे रूप ज्या दरबारात आले तो मराठी राजांचा होता, हे सुशिक्षित मराठी माणसालाही त्यामुळे उमगले. असे संशोधन व्यक्तीच्या ध्यासावर किती काळ सोडायचे?

कला ही परीक्षेच्या चौकटीत बसत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुने आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद उभा राहतो. निवाडा करणारी परिव्राजिका कौशिकी दोघांच्या पोथीज्ञानाची तपासणी करीत बसत नाही. नाट्य प्रयोगप्रधान आहे, तेव्हा शिष्यांचा प्रयोग पाहूनच आचार्यांची परीक्षा व्हावी, असे ती सुचवते. स्वतः उत्तम करणे आणि दुसऱ्याला उत्तम शिकवणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत; दोन्ही ज्याच्या ठायी असतील तोच शिक्षकांत अग्रगण्य, हा विवेक त्या प्रसंगात आहे. जिच्या नृत्यावर गणदासाची कसोटी लागते ती मालविका विदर्भाची राजकन्या, हा योगायोग रामटेकच्या परिसरात कालिदास महोत्सव साजरा करणाऱ्यांनी विसरू नये. याचा अर्थ इतकाच की परीक्षा अशक्य नाही. ती कशाची घ्यायची हे ठाऊक हवे. तीन तासांच्या लेखी उत्तरपत्रिकेवर नृत्याची पदवी तोलली गेली, तर दोष कलेचा नसून परीक्षकाचा आहे.

आता मूळ प्रश्न, पैशाचा. १९६६ साली बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या अर्थकारणाची एक अडचण दाखवून दिली. कारखान्यात यंत्राने दरडोई उत्पादन वाढते व त्याबरोबर मजुरी वाढते. पण कलेच्या प्रयोगाला लागणारी माणसे आणि वेळ कमी करता येत नाहीत. कथकचा दोन तासांचा कार्यक्रम घ्या. नर्तिका, तबला, लेहऱ्याची साथ, गायन, पढंत, ही माणसे सत्तर वर्षांपूर्वी लागत होती तितकीच आज लागतात. इतरत्र वेतन वाढले की त्यांचेही मानधन वाढायला हवे. परंतु तिकिटाचा दर त्या प्रमाणात वाढवला तर प्रेक्षागृह रिकामे राहते. नृत्याच्या वर्गालाही हेच लागू पडते. वाणिज्य शाखेच्या एका वर्गात शंभर-सव्वाशे विद्यार्थी बसवता येतात. नृत्याच्या वर्गात प्रत्येकीच्या पावलाकडे आणि हस्तमुद्रेकडे पाहावे लागते, आणि प्रत्येक तासाला साथीदार हवा. सारांश, ही पदवी स्वभावतःच महाग आहे.

हा खर्च कोणी सोसायचा? या शतकाच्या आरंभापासून महाराष्ट्रात नवी महाविद्यालये बहुतांशी कायम विनाअनुदान तत्त्वावर निघत आली. संगणक किंवा व्यवस्थापन या विषयांत फीच्या बळावर संस्था तगते, कारण पुढे नोकरीची आशा असते. नृत्यात ती आशा क्षीण असल्याने दोनच मार्ग उरतात. एक तर फी इतकी ठेवायची की सधन घरातल्या मुलीच तेथे शिकतील. नाही तर ती कमी ठेवून शिक्षकाला तासिका तत्त्वावर राबवायचे आणि साथीदाराच्या जागी ध्वनिमुद्रित लेहरा वाजवायचा. पहिल्या मार्गाने पदवी मिरवण्याची वस्तू बनते, दुसऱ्याने ती पोकळ होते.

शासन या क्षेत्रात मागणी निर्माण करू शकत नाही, असेही नाही. किंबहुना तिची तरतूद कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या आणि शंभरांहून अधिक पटसंख्येच्या शाळांना कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चित्रकलेबरोबर संगीत, नृत्य आणि नाट्य यांना शालेय शिक्षणात स्थान द्यावे असे म्हटले. नवे शैक्षणिक धोरण २०२० सालचे. त्यानुसार महाराष्ट्रात जी श्रेयांक-रचना आली, तिच्यात सहशालेय अभ्यासक्रमांमध्ये प्रयोगकलांचा समावेश आहे. याचा अर्थ जिल्हा परिषदेच्या शाळेपासून पदवी महाविद्यालयापर्यंत नृत्य शिकवू शकणाऱ्या माणसांची गरज कागदोपत्री मान्य झाली आहे. अभाव आहे तो मंजूर पदांचा. कागदावर गरज आणि अंदाजपत्रकात शून्य, अशा स्थितीत पदवीधराने शेवटी आपल्याच दिवाणखान्यात वर्ग काढायचा. तेथे पालक विचारतात ते विशारदच्या परीक्षेला बसवाल का, एवढेच. पदवीची चौकशी कोणी करीत नाही. उच्च शिक्षणातही दर्जा दुय्यमच. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत संगीताला स्वतंत्र विषय आहे. नृत्य मात्र नाटकाबरोबर एकाच विषयात बसवलेले आहे.

प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि विदर्भाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. पदवी जशी दार उघडते तशी ती दार लावूनही घेते. गडचिरोलीच्या माडिया गोंडांचे रेला नृत्य, मेळघाटातील कोरकूंची सामूहिक नृत्ये, दंडार, खडी गंमत, या कला कथकपेक्षा येथील मातीला जवळच्या आहेत. परंतु त्यांच्या जाणकारांजवळ पदवी नाही. दंडारीत पन्नास वर्षे नाचलेल्या वृद्धाला विद्यापीठातील नियमित अध्यापकपदाच्या नियमांत जागा सापडणे कठीण. त्या कलेवर प्रबंध लिहिणारा उद्या प्राध्यापक होईल. ज्याच्याकडून तो ती शिकला तो मात्र शेतमजूरच राहील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना आणली. तिच्यात औपचारिक पदवीची अट नाही आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. परंतु दहा टक्क्यांचा हिशोब करायला आधी पदे तर हवीत!

म्हणून नृत्याच्या आणखी एका विनाअनुदानित महाविद्यालयाला मान्यता देऊन हा प्रश्न सुटणार नाही. नागपुरात १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. रामटेकला १९९७ पासून संस्कृत विद्यापीठ आहे आणि गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ. शास्त्रग्रंथ एकाकडे, लोककलांचे जिवंत क्षेत्र दुसऱ्याकडे, कलावंतांशी संपर्क तिसऱ्याकडे अशी ही अनुकूल विभागणी आहे. या संस्थांनी मिळून एक अनुदानित नृत्यविभाग चालवावा, त्यात मोजकेच पण पूर्ण वेतनाचे अध्यापक असावेत, साथीदारांची पदे मंजूर असावीत, लोककलावंतांच्या नेमणुका मानाने व्हाव्यात आणि अभ्यासक्रमात अध्यापनशास्त्राचा भाग सक्तीचा असावा. त्याच वेळी कायद्याने सांगितलेली कलानिदेशकांची पदे शाळांतून नियमितपणे भरली जावीत. विभागाला येणारा खर्च एखाद्या मोठ्या सांस्कृतिक महोत्सवाच्या झगमगाटाशी ताडून पाहण्यास हरकत नाही. महोत्सव चार रात्रींत संपतो; विभागातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या दहा-पंधरा शिक्षिका तीस वर्षे शिकवतील.

एवढे करण्याची तयारी नसेल, तर नृत्याच्या पदव्या वाटण्याचा सोस विद्यापीठांनी सोडावा, हे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. आपली कला ही देशाचे वैभव आहे असे मुलीला सांगायचे, तिच्या उमेदीची चार वर्षे घ्यायची आणि तिच्या हाती ज्याला कोठे ग्राहक नाही असा कागद ठेवायचा, हा व्यवहार कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.