बिरसीच्या कुंपणाबाहेरचे आकाश

गोंदिया शहराजवळ असलेली बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये बांधली. आज तिथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, 2022 मध्ये प्रवासी विमानसेवाही सुरू झाली, आणि आमगाव-कामठा परिसरातल्या धानाच्या बांध्यांवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने दिवसभर घिरट्या घालताना दिसतात. देशभरातली मुले-मुली इथे येऊन वैमानिक होतात. त्यासाठी लागणारी लाखो रुपयांची फी या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे, त्यामुळे कुंपणाबाहेर राहणाऱ्या मुलींच्या वाट्याला या आकाशाकडे फक्त पाहणे येते. त्यांच्यासाठी आकाशात शिरण्याची एक तुलनेने स्वस्त वाट आहे, ती म्हणजे हँग ग्लायडिंग. महिलांच्या आंतरराष्ट्रीय हँग ग्लायडिंग स्पर्धेत भारताचा संघ उतरावा असे वाटत असेल, तर त्याची तयारी साहसी पर्यटनाच्या खात्यातून न होता खेळाच्या खात्यातून व्हावी, आणि ती गोंदियासारख्या सपाट जिल्ह्यात व्हावी, असे माझे म्हणणे आहे. डोंगर नसलेला जिल्हा सुचवणे पहिल्यांदा विचित्र वाटेल, पण सगळा मुद्दा तिथेच आहे.

आधी खेळ समजून घेऊ. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या नळ्यांवर ताणलेले कापडाचे त्रिकोणी पंख, त्याखाली पट्ट्यांच्या झुल्यात पोटावर आडवी झालेली वैमानिक आणि तिच्या हातात एक दांडी, एवढाच सरंजाम. इंजिन नाही, सुकाणू नाही. स्वतःच्या शरीराचा भार डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकवून वळायचे, वेग वाढवायचा, कमी करायचा. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, जिला वैमानिक थर्मल म्हणतात, ती शोधून घारीसारखे गोल फिरत उंची मिळवायची आणि ती उंची खर्च करत पुढचा थर्मल गाठायचा. स्पर्धेत रोज सकाळी हवामान पाहून मार्ग ठरतो. नकाशावरच्या ठरलेल्या बिंदूंना वळसा घालून कोण सर्वांत लवकर आणि सर्वांत दूर जाते, हे प्रत्येकीजवळच्या जीपीएस नोंदीवरून मोजले जाते. मार्ग शंभर किलोमीटरहून मोठा असणे नवलाचे नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 2012 साली एका वैमानिकाने याच साधनाने एका दिवसात साडेसातशे किलोमीटरहून अधिक अंतर कापले. अनेक दिवसांच्या गुणांची बेरीज करून विजेती ठरते, म्हणून एखाद्या दिवसाच्या धाडसापेक्षा ढग, वारा आणि जमीन रोज अचूक वाचण्याची सवय इथे जास्त उपयोगी पडते. ती सवय शेकडो तास उडाल्याशिवाय लागत नाही.

या पंखाच्या जन्मात एका स्त्रीचा हात होता, हे सहसा सांगितले जात नाही. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 मध्ये लवचीक पंखाची कल्पना प्रत्यक्षात आणली. पहिला नमुना गर्ट्रूड यांनी स्वयंपाकघरातल्या पडद्याचे कापड शिवून तयार केला. त्याच रचनेतून पुढे हँग ग्लायडर घडले. ब्रिटनच्या ज्युडी लेडन हँग ग्लायडिंगमध्ये दोनदा आणि पॅराग्लायडिंगमध्ये एकदा महिलांच्या जगज्जेत्या झाल्या. जर्मनीच्या कोरिना श्वीगरशाउसेन यांनी हे विजेतेपद अनेकदा मिळवले. जपानच्या महिला वैमानिकांनीही या खेळात स्वतःची जागा केली आहे. विजेतेपदाच्या या यादीत भारतीय नाव नाही.

महिलांसाठी वेगळी स्पर्धा कशाला, असा प्रश्न इथे हमखास येतो. हवेला स्त्री-पुरुष कळत नाही, इंजिन नसल्याने ताकदीचा प्रश्न नाही, मग भेद का? आक्षेप वजनदार आहे, आणि खुल्या जागतिक स्पर्धेचे दार स्त्रियांना बंद नाही हेही खरे. पण हवेला वजन कळते. स्पर्धेचा ग्लायडर तीस किलोहून जड असतो आणि तो भार सरकवून चालवायचा असल्याने पंचेचाळीस-पन्नास किलोच्या वैमानिकेचा त्यावरचा ताबा कमी पडतो. मोठ्या पंखाखाली हलके शरीर सावकाश खाली येते, पण दोन थर्मलमधले अंतर कापताना मागे राहते. म्हणून अनेक जणी पाण्याचे किंवा शिशाचे ओझे बरोबर घेऊन उडतात. कारखान्यांनी लहान आकाराचे उत्तम पंख बनवावेत यासाठी ते विकत घेणाऱ्या स्त्रिया पुरेशा संख्येने हव्यात, आणि ती संख्या स्वतंत्र स्पर्धेमुळे टिकते. जगभर पॅराग्लायडिंग वाढले, हँग ग्लायडिंग आक्रसले, त्यातही स्त्रिया अगदी थोड्या. अशा खेळात एका नव्या देशाने पाच-सहा जणींचा संघ आणला तर त्याचा फरक साऱ्या स्पर्धेला जाणवेल.

मग आपण कुठे अडतो? मराठी स्त्रियांमध्ये हिंमत कमी आहे असे कुणी म्हणणार नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर पॅराशूट उडी घेतली आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिली उडी होती. 2006 मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुवही गाठला, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याही आधी, 1985 मध्ये, सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिलांच्या चमूसह प्रवासी विमान नेले. भारतातल्या विमान कंपन्यांमध्ये महिला वैमानिकांचे प्रमाण बारा ते पंधरा टक्के सांगितले जाते, तर जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जिथे नोकरीची शिडी आहे तिथे आपल्या मुली जगाच्या पुढे आहेत. हवाई खेळांत मात्र शिडीच नाही. तिथे एखादी जिद्दी व्यक्ती स्वतःच्या बळावर विक्रम करते, मग सरकार तिचा सत्कार करते. तेनझिंग नोर्गे पुरस्कारात जमीन, पाणी आणि हवा असे साहसाचे विभाग आहेत, ते असायलाच हवेत. पण पुरस्कार हा झालेल्या कामाचा गौरव असतो. त्यातून तालुक्याच्या गावात प्रशिक्षक येत नाही, चार जणींत वाटून वापरायचा ग्लायडर येत नाही, विमा उतरवला जात नाही. महिलांच्या जागतिक स्पर्धेसाठी मात्र अनुभवाचे दाखले आणि आधीच्या स्पर्धांमधली कामगिरी लागते. विक्रमांवर चालणारी व्यवस्था हे देऊ शकत नाही.

केंद्र सरकारने 2022 मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यात हँग ग्लायडिंगचा स्पष्ट समावेश आहे आणि 2030 पर्यंत भारत हवाई खेळांत अग्रेसर व्हावा असे उद्दिष्ट आहे. धोरणात रोजगार आणि पर्यटनाच्या उत्पन्नाचे मोठे आकडे आहेत. त्यांची घाई मला धोक्याची वाटते. पर्यटनाचा पैसा ज्यात वैमानिकाबरोबर बसून पंधरा मिनिटे उडता येते त्याकडे वळतो. पैसे मोजून बसलेला प्रवासी पुढच्या आठवड्यात येत नाही. स्पर्धक मुलगी मात्र वर्षानुवर्षे त्याच मैदानावर यावी लागते. कामशेतला पॅराग्लायडिंगच्या चांगल्या शाळा उभ्या राहिल्या त्या मुंबई-पुण्याच्या जवळिकीमुळे, तिथल्या ग्राहकांमुळे. गोंदियाला तसा ग्राहक मिळणार नाही, आणि म्हणूनच इथली सुरुवात खेळाच्या निधीतून व्हावी लागेल.

आता डोंगराचा प्रश्न. प्रतापगड, दरेकसा, कचारगड अशी नावे पुढे येतील, पण ते डोंगर जंगलाने वेढलेले आहेत. उडायला मोकळा उतार आणि उतरायला मोकळे रान अशी जोडी तिथे अवघड. ती शोधण्याची गरजही नाही. ऑस्ट्रेलियातल्या फोर्ब्झला 2013 ची जागतिक स्पर्धा झाली, टेक्सासच्या बिग स्प्रिंगला 2007 ची, आणि फ्लोरिडातही मोठ्या स्पर्धा होत आल्या आहेत. या सगळ्या जागा सपाट. तिथे हलके मायक्रोलाइट विमान दोरीने ग्लायडरला ओढून काही शे मीटर उंचीवर नेते आणि सोडते. यात मुलींच्या दृष्टीने एक मोठी सोय आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. डोंगरावरून उडताना तीस किलोंहून जड पंख खांद्यावर तोलून उतारावर धावावे लागते. हलक्या शरीराच्या मुलींना सर्वांत जड जाते ते हेच. ओढून उडताना ग्लायडर चाकांच्या गाडीवर ठेवलेला असतो, वैमानिक त्यात आधीच आडवी असते, आणि पुरेसा वेग आला की गाडी खाली राहते. धावणे नाही, तोलणे नाही. उतरण्यासाठी कापणी झालेल्या कोरड्या शेतांची रांग असेल तर शिकणारीला चुकायलाही जागा मिळते. खरिपाचे धान डिसेंबरपर्यंत निघते. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत, ऊन बेचाळीस-पंचेचाळीस अंशांकडे सरकण्याआधी, गोंदियाच्या सपाट भागात मोकळी जमीन आणि चढती हवा दोन्ही मिळतात. उन्हाळी धानाला पाणी दिलेल्या पट्ट्यावर आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवर हवा थंड असते, तिथे थर्मल कमकुवत. कोरडे माळ आणि ओले पट्टे असे शेजारी-शेजारी असणे शिकाऊ डोळ्यासाठी उत्तम शाळा आहे.

अडचणी आहेत आणि त्या मोजूनच पुढे जावे लागेल. बिरसीच्या विमानांच्या वाटेपासून मैदान पुरेसे दूर हवे आणि विमानतळाशी वेळा ठरवूनच दोरी बांधावी लागेल. सालेकसा-देवरीकडचा भाग दीर्घकाळ नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला, तिथल्या परवानग्यांचा व्याप वेगळा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पावरून मार्ग आखता कामा नये. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात तग धरून आहे. त्याचा विणीचा काळ पावसाळ्यात असल्याने हंगाम आपोआप वेगळे पडतात, तरी त्याच्या पाणथळ जागा नकाशावर बंद म्हणून रंगवल्या पाहिजेत. उच्चदाबाच्या विजेच्या तारा हा सर्वांत मोठा धोका, आणि उभ्या पिकात कुणी उतरली तर शेतकऱ्याला त्याच दिवशी भरपाई मिळेल अशी तरतूद हवी.

राहिला जीवाचा प्रश्न. मार्च 2023 मध्ये बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळले, प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी दोघेही गेले. ही आठवण ताजी असलेल्या जिल्ह्यात मुलींना इंजिनाशिवाय उडवा म्हणणे सोपे नाही. हँग ग्लायडिंगमध्ये जगभर माणसे मेली आहेत, अत्यंत अनुभवी माणसेही. ते लपवून कुणी पालकांची संमती घेऊ नये. पण धोका कुठे वाढतो हेही पाहिले पाहिजे. घाईने दिलेले शिक्षण, जुने साहित्य, वारा बिघडत असतानाही उडण्याचा आग्रह, राखीव पॅराशूटचा अभाव या गोष्टी जीव घेतात, आणि त्या देखरेख नसलेल्या व्यवसायात सर्वाधिक दिसतात. क्रीडा खात्याच्या छत्राखालील शिक्षणात आज उडायचे नाही असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचा पगार बुडत नाही. सुरक्षिततेसाठी यापेक्षा मोठी हमी मला दिसत नाही.

जिल्ह्यात मजुरीसाठी स्थलांतर होते, आरोग्य केंद्रांत डॉक्टर हवेत, मग हा पैसा इथे का? हा आक्षेप प्रत्येक खेळाला लागू पडतो, तरी एक मर्यादा मान्य करावी लागेल: आरोग्याचा किंवा शाळेचा रुपया याकडे वळवू नये. लागणारा खर्च मोठ्या क्रीडा संकुलाच्या मानाने लहान आहे. शिकण्याचे तीन-चार ग्लायडर, ओढणारे एक मायक्रोलाइट, एक शेड, दोन प्रशिक्षक आणि विमा. एक ग्लायडर काही लाखांचा असला तरी तो अनेक जणी अनेक वर्षे वापरतात. एनसीसीच्या हवाई शाखेत कॅडेटांना मायक्रोलाइटचा अनुभव आजही दिला जातो, त्या शाखेची मदत घेता येईल. 2011 च्या जनगणनेत गोंदियात हजार पुरुषांमागे 999 स्त्रिया होत्या, राज्यात 929. रोवणी-कापणीत राबणाऱ्या या स्त्रियांच्या मुली उन्हाला, मोकळ्या रानाला आणि आभाळाचा रंग ओळखायला नव्या नाहीत.

पहिली तुकडी निवडताना इंग्रजीची अट घालू नये. या खेळाची जवळजवळ सगळी पाठ्यपुस्तके इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंचमध्ये आहेत, आणि ओढणारी दोरी कोणत्या क्षणी सोडायची हा निर्णय क्षणार्धात घ्यायचा असतो. तो मुलीच्या स्वतःच्या भाषेत शिकवलेला असावा. हवामान, दोरीचे इशारे, तारांपासूनचे अंतर, उतरण्याची पद्धत यांची मराठी पुस्तिका तयार करायला निधीच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. कामशेतचे अनुभवी वैमानिक आणि गोंदियातले विज्ञानाचे प्राध्यापक मिळून ते काम येत्या पावसाळ्यातही हाती घेऊ शकतात.