चामड्याविना पाकीट



या सदरात एरवी ठेवी, विमा आणि नामांकन यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय पैशाचा नसून पैसे ठेवण्याच्या वस्तूचा आहे. देरासरात जाताना आपण कमरेचा पट्टा आठवणीने काढतो. खिशातील पाकीट कशाचे आहे, याकडे मात्र कित्येकांचे लक्ष नसते. ‘लेदर नव्हे’ असे सांगून दुकानदार जे देतो ते बहुधा रेक्झिन, म्हणजे कापडावर चढविलेले प्लास्टिक. घरातल्या रिकाम्या टेट्रापॅकमधून याहून बरे पाकीट होते आणि खर्च जवळजवळ शून्य.

वसई पूर्वेस सातिवलीत औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत. अशा ठिकाणी चहासाठी दुधाचे एक लिटरचे खोके सोयीचे पडते, कारण न उघडलेल्या खोक्याला फ्रीज लागत नाही. रिकामे झाल्यावर मात्र त्याला कोणी वाली उरत नाही. पुठ्ठा व लोखंड आनंदाने नेणारा भंगारवाला त्याला सहसा हात लावत नाही, आणि व्यापारी म्हणून त्याचे गणित चूक नाही. वरून पुठ्ठा दिसत असला तरी या खोक्यात सहा थर असतात. वजनाने सुमारे ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथीन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम. कागद वेगळा करण्यासाठी ते पाण्यात घुसळावे लागते. उरलेल्या प्लास्टिक-ॲल्युमिनियमचे दाबून पत्रे करतात. सहकारी भांडार आणि रिलायन्स फ्रेशच्या दुकानांत ‘कार्टन्स ले आओ, क्लासरूम बनाओ’ या मोहिमेत अशी खोकी गोळा झाली व त्यांपासून शाळांची बाके तयार झाली.

१९५१ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात रुबेन राउसिंग यांनी टेट्रापॅक कंपनी स्थापन केली. आपल्याकडे हे खोके घरोघरी ओळखीचे झाले ते १९८५ मध्ये आलेल्या फ्रूटीमुळे. पाणी आत शिरू नये व वस्तू सहज फाटू नये यासाठी केलेली ही रचना पाकिटालाही तितकीच उपयोगी पडते.

दूध, ताक वा रस संपताच खोके कोमट पाण्याने विसळावे. हे काम उद्यावर टाकू नये. गोड रसाच्या खोक्यात रात्रीतून मुंग्या शिरतात आणि त्या अरुंद तोंडातून सुखरूप बाहेर पडत नाहीत. उरलेल्या उष्ट्या घोटात होणाऱ्या जीवोत्पत्तीविषयी या मासिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगावयास नको. मग वरची व खालची टोके सरळ कापून खोके सावलीत कोरडे होऊ द्यावे. भिजत मात्र घालू नये. कापलेल्या कडेतून कागद पाणी ओढतो व फुगतो.

आता हाती एक चौकोनी नळी राहते. माझ्याजवळील एक लिटरच्या खोक्याची रुंद बाजू ९ सेंटीमीटर आहे, अरुंद बाजू ६. अरुंद बाजू मधोमध आत दुमडून नळी चपटी करावी, जशी कापडी पिशवीची बाजू आत जाते तशी. लांबी १९ सेंटीमीटर राखावी आणि तिचे खालून ७, ७ व ५ असे तीन भाग आखावेत. आखताना संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढली की घडी नेमकी बसते. वरच्या ५ सेंटीमीटरचा पुढचा भाग व दुमडलेल्या बाजू कापून टाकाव्यात. मागचा पत्रा तेवढा ठेवावा, तेच झाकण. खालचा ७ सेंटीमीटरचा भाग पुढून वर दुमडला की शिवण न घालता दोन कप्पे तयार होतात. एकमेकांना टेकलेल्या दोन पाठी डाव्या-उजव्या कडेला चिकटवल्या की मध्ये तिसरा कप्पाही मिळतो.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल घेऊ नये. खोक्याच्या दोन्ही अंगांना पॉलिथीन असल्याने तो धरत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरावी किंवा मशीनवर शिवून घ्यावे. झाकणाला टिच बटण अथवा वेल्क्रो पुरे.

ही मापे मी नोटेवरून काढली, हा जुन्या सवयीचा परिणाम. ५०० रुपयांची नोट १५० × ६६ मिलिमीटर. एक घडी घातली की ७५ × ६६, म्हणजे कप्प्यात पूर्ण मावते. एटीएम कार्डही आडवे बसते. २०० मिलीच्या लहान खोक्यातून नोटांचे पाकीट होत नाही, सुट्या नाण्यांचे होते. पाठशाळेतील मुलांना ते करावयास द्यावे; प्रभावनेची नाणी त्यात ठेवता येतील.

पाकिटामुळे कचऱ्याचा प्रश्न सुटतो असा समज मात्र नको. आठवड्याला चार खोकी आणणाऱ्या कुटुंबाला वर्षभरात दोनशेहून अधिक पाकिटे करावी लागतील, आणि इतके खिसे आहेत कोणाला? वरघोड्यानंतर रस्त्याकडेला साचणाऱ्या खोक्यांचे तर नावच नको. तेथे स्टीलच्या पेल्यातून ताक देणे हाच उपाय मला दिसतो. घरातील बाकीची खोकी विसळून, चपटी करून सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावीत.

रोजच्या वापरात पाकिटाच्या घड्या काही महिन्यांनी भेगाळतात. तेव्हा बटण काढून नव्या पाकिटाला लावावे व जुने त्याच सुक्या कचऱ्यात टाकावे.